चार सेकंदांचा कॉम्प्युटर

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांस,

(तुम्ही माझ्याहून सात महिन्यांनी मोठे, म्हणून तीर्थस्वरूप. दुसरं कारण शोधू नये.) साष्टांग नमस्कार घातला आहे असं धरून चालावं. प्रत्यक्षात घालणं सध्या जमणार नाही, कारण गेले सहा दिवस टेबलाखाली उकिडवं बसून माझी कंबर अशी धरली आहे की एकदा वाकलो की उभं करायला तुमच्या मेहुणीला हाक मारावी लागते, आणि ती हल्ली पहिल्या हाकेला येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला बसला का? दवाखान्यातली ती नवी खुर्ची दुरुस्त झाली, की अजूनही पेशंटला वर नेते आणि वरच ठेवते? इकडे आम्ही दोघंही ठीक. ठीक म्हणजे मधले काही तास सोडले तर एकमेकांशी बोलतो आहोत.

मागच्या महिन्यात तुम्ही आणि ताई आमच्याकडे आला होतात तेव्हा मी जाहीर केलं होतं की हिच्यासाठी नवा कॉम्प्युटर मी तयार विकत आणणार नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडणार. त्यावर तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात (हे मला पक्कं आठवतं, कारण संपल्याशिवाय तुम्ही कप खाली ठेवत नाही) आणि म्हणालात, ‘वा! मग यापुढे दातही घरच्या घरीच काढा.’ सगळे हसले. ताई हसल्या. तुमची मेहुणी तर डोळे पुसेपर्यंत हसली. मीही हसलो, पण ते हसू मी उसनं आणलं होतं. तर आता कळवायला अतिशय आनंद होतो की कॉम्प्युटर जोडून झाला आहे, तो सुरू होतो आहे, आणि सुरू राहतो आहे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात हे मला आठवड्यापूर्वी ठाऊक नव्हतं.

तुम्हाला कॉम्प्युटर म्हणजे पेशंटच्या तारखा लिहायचं साधन, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एक कॅबिनेट असतं, म्हणजे पत्र्याचा उभा डबा. त्यात मदरबोर्ड बसवायचा, त्यावर मुख्य चिप, चिपवर पंखा, शेजारी मेमरीच्या पट्ट्या, तळाशी वीज पुरवणारा ठोकळा, आणि मग या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या वायरी. दुकानदाराने सगळे भाग एका खोक्यात भरून दिले आणि म्हणाला, लहान मुलंसुद्धा जोडतात. मी एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली आहेत. तराजूचा काटा केसभर सरकला तरी मला रस्त्यावरून दिसतो. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही वस्तूत खोट राहिलेली नाही, आणि लहान मुलांना जमतं ते मला जमणार नाही असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. (तुमची होती. ते वर आलंच आहे.)

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बसलो तो पाच वाजेपर्यंत सगळं जागच्या जागी. माहितीपुस्तिकेतलं प्रत्येक पान वाचून, ज्या ओळीप्रमाणे काम झालं तिच्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत गेलो. कॅबिनेटच्या तोंडावर एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला होता, तो तेवढा काढला नाही. ही म्हणाली, काढा की ते, कसं वेडंविद्रं दिसतंय. मी म्हटलं, कारखान्याचं सील आहे, आणि माझ्या उभ्या नोकरीत मी कारणाशिवाय कुठलंही सील तोडलेलं नाही. (आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं, फ्रीजच्या दारावरचं आणि वजनकाट्यावरचं प्लॅस्टिक तुम्ही पाहिलं आहेच. वस्तू नव्या राहतात.) मग तिला समोर खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं.

साडूभाऊ, काय सांगू! पंखा फिरला. आत निळा दिवा लागला. स्क्रीनवर काहीतरी उमटायच्या बेतात होतं. मी हिच्याकडे वळून ‘बघ’ म्हणायला तोंड उघडलं, आणि ‘ब’ आणि ‘घ’ यांच्या मधे सगळं विझलं.

पुन्हा बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तेव्हा मी त्याच्या डोक्यावर एक थापट मारली. ती दुरुस्तीसाठी नव्हती, निव्वळ रागाने होती. पण थापटेनंतर बटण दाबलं तर पुन्हा पंखा, पुन्हा निळा दिवा, आणि पुन्हा अंधार. मी कपाटातून खात्याच्या दिवसांतलं स्टॉपवॉच काढलं. सोमवारी दिवसभरात एकूण सत्तावीस वेळा मोजणी घेतली आणि वहीत तक्ता आखून लिहिली. दर वेळी चार सेकंद. पावणेचार नाही, सव्वाचार नाही. थापट मारली तर चार सेकंद, नाही मारली तर शून्य. एवढी अचूक वस्तू मी नोकरीत पाहिली नव्हती. तिच्यावर मी स्वतःच्या हाताने शिक्का मारला असता, पण ती वस्तू दुसऱ्या कामासाठी आणली होती.

आता इथे खरी अडचण सांगतो. तुमची मेहुणी चौदा वर्षं साप्ताहिकासाठी शब्दकोडं रचते हे तुम्हाला माहीत आहे, पण हे माहीत नसेल की या चौदा वर्षांत एकही आठवडा चुकलेला नाही. घशाच्या ऑपरेशनच्या आठवड्यात तिने दवाखान्यातल्या खाटेवरून रचलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कोडं पोचलं पाहिजे. संपादकबाई कडक आहेत, आणि यंदापासून त्यांनी कळवलं आहे की सगळं कॉम्प्युटरवरूनच पाठवायचं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. जुना बंद पडला तेव्हा ही म्हणाली होती, दुकानातून तयार आणू, उद्या सुरू होईल. मी म्हटलं, माझ्यावर सोड. म्हणजे कोडं चुकलं तर ते माझ्या नावावर चुकणार होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवारी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, कारण माझा संशय घरातल्या विजेवर होता. तो आला, त्याने त्याच बोर्डात टेबललॅम्प लावला आणि हाताची घडी घालून पाच मिनिटं त्या दिव्याकडे बघत उभा राहिला. दिवा विझला नाही. मग तो म्हणाला, ‘काका, घर ठीक आहे. फॉल्ट तुमच्यात आहे.’ एवढं बोलून चहा घेतला, आणि दाराशी जाऊन सावकाश पुढचं बोलला, ‘म्हणजे तुमच्या मशीनमध्ये.’ आतल्या खोलीतून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज केला. घरात आम्ही तिघंच होतो.

त्या दिवशी आमच्या इमारतीची लिफ्टही बंद होती, आणि तिचा मेकॅनिक आमच्याच मजल्यावर पेटी उघडून बसला होता. माझा स्क्रूड्रायव्हर खोलवर पोचत नव्हता म्हणून मी त्याच्याकडून एक लांब दांड्याचा मागून आणला आणि सगळे स्क्रू ढिले करून पुन्हा आवळले. मेमरीच्या पट्ट्या काढून, फुंकून, जागा बदलून लावल्या. वायरींची टोकं एकेक करून उपसली आणि पुन्हा खोचली. चार सेकंद. तुम्ही एखाद्याची दाढ तपासता तेव्हा तो निदान ‘इथे नाही, तिथे दुखतंय’ म्हणतो. हा पठ्ठ्या काहीच सांगत नव्हता, फक्त दर वेळी माझ्या तोंडावर डोळे मिटत होता.

बुधवारी दुकानदाराला फोन लावला. त्याने आधी म्हटलं की सगळे भाग चांगले आहेत, मग म्हटलं की काका, सगळं डब्यातून बाहेर काढा, लाकडी टेबलावर मांडा, आणि बोर्डाच्या कडेला दोन बारीक काड्या आहेत त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं लावा. (ही काय पद्धत झाली! पण तो म्हणाला करा, म्हणून केलं.) जेवणाच्या टेबलावर सगळा संसार मांडला, टोक लावलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. चार सेकंद गेले. पाच गेले. एक मिनिट गेलं. मी स्टॉपवॉच हातात धरून उभा होतो. तासभर चालला, दुपारभर चालला, मीच शेवटी बंद केला.

यावरून मी निष्कर्ष काढला की हा जातीचा मोकळ्या हवेतला आहे आणि डब्यात गुदमरतो. हिला निष्कर्ष पटला की नाही कळलं नाही, पण ती लगेच समोर बसून कोडं रचायला लागली. बुधवार आणि गुरुवार आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडानागडा कॉम्प्युटर होता आणि आम्ही ताटं हातात धरून खिडकीशी उभं राहून जेवलो. ही काम करत असताना मी मागून डोकावत होतो, आणि मला हे नमूद करायचं आहे की या वेळच्या कोड्याचा सूर मला नीटसा कळला नाही. उभा शब्द चार असा होता: ‘हात लावेल ते बिघडवतो, तरी घरोघरी ठेवतात (तीन अक्षरी).’ मी म्हटलं, उंदीर? तर म्हणाली, जवळ आलात. अजून मला सुचलेलं नाही, सुचल्यास कळवा. आडवा अकरा होता: ‘न मागता मिळतो, बहुधा मोठ्या आवाजात (दोन अक्षरी).’ हा तुम्हाला यावा. तुमच्या धंद्यातला नसला तरी सवयीतला आहे.

आता शुक्रवार. या दिवशी मी जे केलं ते का केलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. कोडं बरंचसं झालं होतं, मशीन टेबलावर चालत होतं, पाच वाजेपर्यंत कुणी त्याला हात लावला नसता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण सकाळी ही आंघोळीला गेली आणि मी त्या उघड्या वायरींकडे पाहिलं. एखादा तराजू बरोबर वजन दाखवतोय पण विटेवर टेकवून ठेवलाय, असं काहीसं ते दिसत होतं. मला राहवेना. म्हटलं, ही बाहेर येईपर्यंत डब्यात नीट बसवून दाखवू. बसवलं. बटण दाबलं. पंखा, निळा दिवा, एक, दोन, तीन, चार.

ही केस पुसत बाहेर आली, टेबल रिकामं पाहिलं, कॅबिनेट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आत जाऊन दार लावून घेतलं. नळ सोडल्याचा आवाज आला. वीस मिनिटं नळ चालू होता. साडूभाऊ, बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला दोनदा रडताना पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा कारण मी नव्हतो. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि ‘टॉवेल हवाय का’ असं विचारलं. आत नळ आणखी मोठा झाला.

मग मी कॅबिनेटसमोर जमिनीवर जाऊन बसलो. पुन्हा सगळं बाहेर काढायचं बळ कंबरेत नव्हतं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तूंतल्या खोटी शोधल्या. किती दुकानदार माझ्यासमोर शपथा घेत, साहेब, काट्यात काही नाही, आणि मी हसून पारड्याखालचा चुंबक काढून दाखवत असे. आता मीच घरात बसून म्हणत होतो की यात काही नाही. तुमचं ते दाताचं वाक्य तेव्हा मला आठवलं, आणि पहिल्यांदाच असं वाटलं की तुम्ही म्हणालात ते बरोबर असेल. (हे वाक्य ताईंना वाचून दाखवू नये.)

तीन वाजता दारावरची घंटा वाजली. लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट सुरू झाली होती आणि तो त्याचा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर परत न्यायला आला होता. मी तो शोधत असताना त्याने विचारलं, काय झालंय याला? मी सगळं सांगितलं. तक्ता दाखवला. बटण दाबून दाखवलं, चार सेकंद दाखवले, थापट मारून पुन्हा दाखवले. तो खाली बसला नाही, वाकला नाही, नुसता उभ्याउभ्या बघत होता. मग म्हणाला, ‘साहेब, बटण वर येत नाहीये.’

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाला, ‘आत जातंय, आतच राहतंय. आमच्या लिफ्टला हेच होतं, चौथ्या मजल्याचं बटण आत रुतलं की लिफ्ट चौथ्यावरच जाते. याचंही बटण चार सेकंद दाबून धरलं की बंद पडायची सोय असते ना? तुम्ही सोडता, पण ते दाबलेलंच राहतं. मशीनला वाटतं तुम्ही बोट काढलंच नाही. थापट मारता तेव्हा ते सुटतं.’

असं म्हणून त्याने नखाने बटणाच्या कडेला काहीतरी उचकटलं आणि माझ्या सीलचा, म्हणजे त्या पारदर्शक पापुद्र्याचा, एक दुमडलेला कोपरा बटणाच्या खाचेतून बाहेर ओढला. मग मला न विचारता अख्खा पापुद्रा वरपासून खालपर्यंत सर्रकन सोलून काढला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बटण दाबलं. टक्‌ करून आत गेलं, टक्‌ करून बाहेर आलं. पंखा, निळा दिवा, चार, पाच, सहा, सात. मशीन चालतंय, आणि मी आपला अजून मोजतोय.

आता मी तुम्हाला विचारतो, यात माझी चूक कुठे? सगळे भाग बरोबर जोडलेले होते, सगळ्या वायरी बरोबर, सगळे स्क्रू घट्ट. संशय मी आत असलेल्या प्रत्येकावर घेतला. बटण बाहेर होतं. बाहेरच्याला कोण विचारतं? ही आतल्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. समोर बसली, टकटक करत राहिली, आणि पाचला वीस मिनिटं कमी असताना म्हणाली, पाठवलं. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला. चहा घ्यायला थांबला नाही, म्हणाला, बाजूच्या इमारतीत एक बाई दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे आहेत.

तर असा हा विजय आहे. आज रविवार, कॉम्प्युटर सकाळपासून चालू आहे, मी मुद्दाम बंदच केलेला नाही. ताईंना माझा नमस्कार आणि खोकल्यावर गरम पाणी. गुडघ्याची काळजी घ्यावी, आणि खुर्चीवर चढलेल्या पेशंटला वेळेवर खाली आणावं. कुणाचा कॉम्प्युटर सुरू राहत नसेल तर माझं नाव सांगावं.

तुमचा,
धाकटा (सात महिन्यांनी) साडू

ता. क. : जोडणी पूर्ण झाल्यावर तीन स्क्रू उरले आहेत. त्यांच्यावाचून सगळं चालतंय, त्याअर्थी कारखानेच तीन जास्त देत असावेत.

ता. क. २ : पत्र पुन्हा वाचून पाहिलं. लिफ्टच्या मेकॅनिकचा भाग मी केवळ तुमच्यावरच्या विश्वासाने लिहिला आहे. घरच्या मंडळींत सांगताना ‘त्याने निरीक्षणाअंती दोष हुडकला’ एवढंच सांगावं. त्याने म्हणजे कोणी, हे खोलात जाऊन सांगायची गरज नाही.

ता. क. ३ (हे अक्षर माझं) : भावोजी, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं म्हणून ही उरलेली जागा मी घेते आहे. कृपा करून ह्यांना कळू देऊ नका. बटण रुततंय हे मला रविवारीच दिसलं होतं, कारण पहिल्यांदा विझल्यावर हे आत बघत होते आणि मी बाहेर. शब्दकोडं मी सोमवारी सकाळीच शेजारणीच्या कॉम्प्युटरवरून पाठवून मोकळी झाले होते, संपादकबाईंची पोचही आली. बुधवारपासून स्क्रीनवर मी जे रचत होते ते फक्त ह्यांनी मागून वाचावं म्हणून. आणि शुक्रवारी नळ सोडून मी रडत नव्हते. हसण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सोडला होता. हे दाराशी येऊन टॉवेल विचारून गेले तेव्हा मात्र मला जरा वाईट वाटलं.

तुम्ही म्हणाल, मग बोलली का नाहीस. भावोजी, रिटायर झाल्यापासून हे माझं स्वयंपाकघर तपासतात. चमच्यात किती मावतं, कपात किती, कुकरच्या दोन शिट्ट्यांमधे किती सेकंद. मार्चमध्ये माझ्या तांदूळ मोजायच्या वाटीवर चिकटपट्टी लावून ‘अप्रमाणित’ असं लिहून ठेवलं. आणि ते नसेल तेव्हा दुपारभर खिडकीशी बसून समोरच्या वाण्याच्या काट्याकडे बघत राहतात, ते तर मला त्याहून बघवत नाही. या सहा दिवसांत एकदाही स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, आणि गुरुवारी आंघोळ करताना चक्क गात होते. अजून निदान आठवडाभर चाललं असतं. तो लिफ्टवाला नको तेव्हा उगवला.

काल सकाळी दहा वाजता हे स्वयंपाकघरात आले आणि आमटीचा डाव मोजायला घेतला.

तेव्हा मोठ्या मनाने एकदा हरा. फोन करा, दाताचं बोललो ते चुकलं म्हणा, आणि दवाखान्यासाठी असाच एक कॉम्प्युटर जोडून द्या म्हणून गळ घाला. सुटे भाग मात्र तुमच्याकडून पाठवा, आणि त्यातला एखादा चुकीचा पाठवा. फार चुकीचा नको, महिनाभर पुरेल इतपत.